आधी आवाज सारखा करा

ठकीने मान वळवली. आत्याने नाही.

मी ओट्याला टेकून उभी होते. हातात मोबाइल आणि मोबाइलवर शिट्ट्या वाजवणारं एक अ‍ॅप. आकडा वाढवला की शिट्टी बारीक होत जायची. आठ हजारांपर्यंत आत्याचं बोट पटापट वर होत होतं. दहा हजारांना जरा रेंगाळलं. बारा हजारांना आत्या नुसतीच माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या मांडीवर बसलेली माझी सहा महिन्यांची लेक ठकी मात्र आवाज कुठून येतोय म्हणून मोबाइलकडे वळून बघायला लागली.

"लावलंस का?" आत्याने विचारलं.

"केव्हाच."

"परत लाव."

लावलं. ठकीने परत मान वळवली. आत्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही चोंबडी बरी सगळं ऐकते," ती म्हणाली आणि ठकीच्या कानाची पाळी हलकेच चिमटीत धरली. "बंद कर ते. कळलं मला."

मला आई नाही, त्यामुळे आत्याचं घर हेच माझं माहेर. बाळंतपणाला आले ती अजून इथेच आहे. नवऱ्याची बदली झाली आहे, तिकडे खोली मिळेपर्यंत इथेच राहायचं ठरलंय. आत्याचं वय सत्तावन्न. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात बटणं लावते, चेन बदलते, पँटी आखूड करते. एकोणीस वर्षं हेच करतेय. पण कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर आधी अर्धा मिनिट गप्प बसते. कारण तिच्या मते तिचं खरं काम त्याआधीचं. कॅसेटच्या कारखान्यात ती ऐकणारी होती. दर पन्नास कॅसेटींमधली एक काढायची, हेडफोन चढवायचे आणि ऐकायची. घरघर आहे का, आवाज डगमगतो का, एक बाजू दबली आहे का. तीही एकोणीस वर्षं. मग कॅसेटीच संपल्या, कारखान्याला कुलूप लागलं, आणि आत्याचे कान घरी आले.

मागच्या आठवड्यात ती दुकानातून धापा टाकत आली आणि पर्समधून घडी घातलेला एक मोठा कागद काढून माझ्यापुढे पसरला. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी तशीच. इअरफोन बनवणाऱ्या एका कंपनीची जाहिरात होती. ऐकणारी व्यक्ती पाहिजे, अनुभव असल्यास उत्तम, कानांची चाचणी होईल.

"आत्या, ही तर भिंतीवरची आहे. तू उपटून आणलीस?"

"मग काय पत्ता पाठ करत बसू?"

"लोकांनी वाचायची असते ती."

"मी वाचली ना. मी लोकांतच येते."

तर आता ती चाचणी उद्यावर आली होती आणि आम्हाला आजच कळलं होतं की वरचे आवाज आत्यापर्यंत पोचतच नाहीत. ती उठून भांडी आवरायला लागली. स्वच्छ पातेलं परत घासायला घेतलं, तेव्हा मला राहवलं नाही.

"मी येते उद्या तुझ्याबरोबर," मी म्हटलं. "ठकीला घेऊन समोर बसेन. तुला शिट्टी लावली की त्यांच्या मशिनवर काहीतरी दिवा-बिवा लागत असेल. दिवा लागला की मी ठकीला थोपटेन. तू बोट वर करायचं."

पातेल्यावरचा हात थांबला.

"आणि ती झोपली नसली तर?"

"जागं असलं तरी मूल थोपटतात."

"बघू," ती म्हणाली. आत्याच्या 'बघू'चा अर्थ 'हो' असतो, हे मी लहानपणापासून शिकलेय.

*

कंपनी म्हणजे एका जिन्यावरच्या तीन खोल्या. पहिल्या खोलीत पाचसहा मुली भिंगाच्या दिव्याखाली बारीक तारा जोडत होत्या. दुसरीत खोकी. तिसरीच्या भिंतींना जाड फोम लावलेला. आत पाऊल टाकलं की आपलाच आवाज आपल्या तोंडापाशी थांबायचा. तिथे मालकीणबाई होत्या आणि एक काडीसारखा इंजिनिअर होता, ज्याचा चष्मा दर वाक्याला नाकावरून घसरायचा.

"जाहिरातीवर फक्त दोघं आली," मालकीणबाई म्हणाल्या. "एवढी मोठी लावली होती खाली. वाऱ्याने उडाली वाटतं."

"वारा आहे खरा," आत्या म्हणाली आणि पर्स छातीशी घट्ट धरली.

"बसा मावशी," इंजिनिअर म्हणाला.

"आत्या म्हणा. मला मावशीची सवय नाही."

त्याने टेबलावर तीन इअरफोन मांडले. तिन्हींचं कवच हुबेहूब एकसारखं, करडं, चिंचोक्याएवढं. आतला पडदा तेवढा वेगळा, तो म्हणाला. यातला एक कारखान्यात बनवायला घ्यायचा आहे आणि आठवड्याभरात ठरवायचं आहे.

"हे प्लेनर मॅग्नेटिक आहेत. म्हणजे असं बघा, नेहमीच्या इअरफोनात वाटीसारखा पडदा असतो आणि तारेचं वेटोळं त्याला मधोमध ढकलतं. यात पडदा सपाट. केसापेक्षा पातळ. तार त्याच्या अंगावरच छापलेली आणि शेजारी चुंबकं. त्यामुळे सगळा पडदा एकदम हलतो."

आत्याने एक उचलून उजेडात धरला.

"म्हणजे चादर एका बोटाने ढोसायची नाही. चारही कोपरे धरून झटकायची."

इंजिनिअरने चष्मा वर केला. "हे मी माहितीपत्रकात छापू का?"

"छापा. माझं नाव नका घालू, दुकानवाला म्हणेल ही इथे काय करते."

मालकीणबाई हसल्या नाहीत, पण खुर्ची जवळ ओढून बसल्या. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर ठकीला मांडीवर घेऊन बसले. तिला नुकतंच पाजलं होतं, डोळे जड झाले होते. मला इंजिनिअरच्या टेबलावरचं मशीन नीट दिसत होतं. त्यावर एक हिरवा दिवा होता.

"आमच्या ऑफिसात दहा जणांनी ऐकलं," इंजिनिअर सांगत होता. "दहापैकी नऊ जणांना तिसरा आवडला. तुम्ही ऐका आणि तुमचं सांगा. आवाजाचं बटण तिन्हींना एकाच खुणेवर ठेवलंय, म्हणजे भेदभाव नको."

आत्याने पहिला कानात घातला, गाणं लागलं, तिने पाच सेकंद ऐकलं आणि काढला. दुसरा, पाच सेकंद. तिसरा, तीन सेकंद. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, "सुरुवातीची शिट्टी कुठेय?"

"कसली शिट्टी?"

"अहो, आमच्या प्रत्येक मूळ टेपला सुरुवातीला एक शिट्टी असायची. एकसुरी. ती लावायची, काटा एका रेषेवर आणायचा, मग पुढचं गाणं. दोन टेपा शेजारी ठेवून ऐकायच्या असल्या तर आधी आवाज सारखा करायचा. त्याशिवाय ऐकलेलं धरतच नव्हते."

"पण बटण सारखंच आहे ना."

"बटण सारखं आहे. आवाज कुठे सारखा आहे?" ती त्याच्याकडे वळली. "तुमचा हा तिसरा जोरात बोलतोय. थोडासाच. एवढासाच, की जोरात आहे हे कळत नाही, नुसता चांगला वाटतो. माणसाच्या कानाची खोड आहे ती. जो जरा मोठ्याने बोलतो तो खरा वाटतो."

मालकीणबाईंनी इंजिनिअरकडे बघितलं. इंजिनिअरने छताकडे बघितलं. मग तो उठला, कपाटातून कानाच्या भोकासारखी नळी असलेलं एक मापयंत्र काढलं, तिन्ही इअरफोन एकामागून एक त्यात बसवले, एकसुरी शिट्टी लावली आणि आकडे कागदावर लिहिले. लिहिता लिहिता त्याचे कान लाल झाले.

"पहिल्याला ताकद जास्त लागतेय," तो हळूच म्हणाला. "त्याचा पडदा जरा ओढून घेतो. सगळ्यात हळू तोच वाजत होता."

"म्हणजे नऊ जणांनी तिसरा निवडला," मालकीणबाई म्हणाल्या, "तो काय म्हणून?"

"मोठ्याने बोलला म्हणून," आत्या म्हणाली. "जाऊ द्या. लग्नंसुद्धा जमतात तशी."

आता मालकीणबाई हसल्या.

त्याने तिन्हींचे आवाज मापून सारखे करून दिले. आत्याने खुर्ची भिंतीकडे वळवली. "मला नंबर सांगू नका. कवच सारखं आहे ते बरंच झालं. मागून हातात द्या. नंबर कळला की कान खोटं बोलायला लागतो."

मग तिने गाणं मागितलं. ते कुठलं हे मला आधीच माहीत होतं. एका बाईचं, व्हायोलिनांचं, संथ. त्या कॅसेटीच्या एवढ्या फेऱ्या निघाल्या होत्या की आत्या ते भांडी घासताना श्वासाच्या जागांसकट म्हणायची. इंजिनिअरने मोबाइलवर शोधलं, चांगल्या प्रतीचं मिळालं.

सगळं गाणं नाही, ती त्यातले दहाच सेकंद ऐकायची. दुसऱ्या कडव्याच्या आधीचे. पहिल्यात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, परत पहिल्यात. मध्ये एकदा थबकली.

"डावीकडे खालचं गेलं."

इंजिनिअर घाबरून पुढे झाला. ती म्हणाली, "थांबा हो," आणि डावा उजव्या कानात घातला, उजवा डाव्यात. ऐकलं. "तरी डावीकडेच. म्हणजे इअरफोन सरळ आहे, माझाच कान वाकडा. डाव्याला बारकी टोपी द्या, ही नीट बसत नाही. फट राहिली की खालचा आवाज पळून जातो." त्याने बारकी रबरी टोपी दिली, आणि आत्याच्या खांद्यांवरून कळलं की खालचा आवाज परत आला.

पाठमोऱ्या आत्याला मी इतकी सरळ बसलेली कधी बघितली नव्हती. शिलाईमशिनवर ती वाकलेली असते. इथे तिची मान एखाद्या शाळकरी मुलीसारखी ताठ होती. मला उगाच वाटलं की ती चोवीस वर्षांची असताना अशीच दिसत असेल, आणि तेव्हा मी ठकीएवढी होते.

मग तिने हात वर केला. "थांबवा. हाच परत. जरा मागून."

परत लागलं.

"अगं बाई," ती म्हणाली.

"काय झालं?" मी विचारलं.

"पान उलटलं कुणीतरी."

"कुठे?"

"गाण्यात. कडव्याच्या आधी. बाई श्वास घेते त्याच्या जरा आधी. कागदाचं पान. वाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी, उजवीकडचा, लांबचा." तिने खुर्ची आमच्याकडे वळवली. डोळे असे झाले होते की मला ठकी पहिल्यांदा हसली तो दिवस आठवला. "एकोणीस वर्षं ऐकलं गं मी हे गाणं. हजारदा ऐकलं असेल. कधी कळलं नाही तिथे माणूस बसलाय म्हणून."

इंजिनिअरने तिच्या कानातला एक काढून स्वतःच्या कानात घातला. तो उजवाच निघाला. दोघं एका तारेला जोडलेली, डोक्याला डोकं लावून. "थांब आता," आत्या कुजबुजली, अहो-जाहो केव्हाच मागे पडलं होतं, "आता येईल बघ. आता. हां."

"आलं," तो म्हणाला. "आलं, आलं. खरंच पान आहे."

"कितवा हा?"

"पहिला. त्याच्यानंतरचा दुसरा, मग तिसरा."

"मग पहिलाच. दुसऱ्यात पान आहे, पण कुणी टेबलावर धूळ झटकल्यासारखं. तिसऱ्यात ते व्हायोलिनच्या खाली दबतंय." तिने पदरचं काही न घालता सरळ सांगितलं, "तिसरा वाईट नाही. पण त्याला घाई आहे."

मालकीणबाईंनी तिन्ही ऐकून बघितले. त्यांना पान सापडायला चार वेळा लागल्या, पण सापडलं, आणि सापडल्यावर त्या शेजारच्या खोलीतल्या मुलींना बोलावून घेऊन आल्या. मग एकेक मुलगी येई, डोळे मिटून उभी राही, आणि ठरलेल्या जागी सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकच हसू फुटे. इंजिनिअरने फळ्यावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आधी आवाज सारखा करा. खाली दोन रेघा ओढल्या. मला वाटलं, झालं. नोकरी मिळाली. आता कुणाला शिट्ट्या हव्यात?

"तेवढी कानांची चाचणी उरकून घेऊ," मालकीणबाई म्हणाल्या. "नियमच आहे. ज्यांना माल देतो ते कागद मागतात, ऐकणाऱ्याला वरपर्यंत ऐकू येतं याचा."

मुली परत गेल्या. आत्या माझ्या समोर येऊन बसली, कानांवर मोठे हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. इंजिनिअरने मशीन चालू केलं. हिरवा दिवा लागला की बोट वर. दिवा, बोट. दिवा, बोट. आठ हजार. दहा हजारांना जरा वेळ लागला, पण उठलं.

मग दिवा लागला आणि बोट खाली राहिलं.

मी ठकीला थोपटलं. ती गाढ झोपली होती. आत्या माझ्याकडेच बघत होती. दिवा विझला, परत लागला. मी परत थोपटलं, जरा जोरात. आत्याचा हात टेबलावर पालथा होता, बटणांच्या सुयांनी टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं जुळलेली. एकही हललं नाही. तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात थोपटलं की ठकी दचकून उठली आणि तोंड वेडंवाकडं करून रडायच्या तयारीला लागली.

आत्याने हेडफोन काढले.

"नको थोपटूस गं," ती म्हणाली. "झोपू दे तिला." मग इंजिनिअरकडे वळून, "याच्या पुढचं मला नाही येत ऐकू. बरीच वर्षं झाली असावीत. कालच कळलं."

फोमच्या खोलीत ते शब्द कुठेही न आपटता तिथेच राहिले.

"पण पान तर यांनीच–" इंजिनिअर मालकीणबाईंना म्हणाला.

"पान खालीच असतं बाळा, मध्यावर. वर दुसरं असतं. काही किरकिर असली तर ती वरच असते. माझ्या बोटावर भरवसा ठेवून तुम्ही हजार खोकी बाहेर काढाल आणि ती सगळी कुणाच्या तरी कानात जातील." ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिला ऐकवा. ही लहान आहे, हिला वरचं येतं. तिसऱ्यात काय आहे ते बघा."

मी ठकीला आत्याकडे दिलं आणि ऐकलं. पहिला, मग तिसरा. गाण्याच्या शेवटी झांज वाजते तिथे. तिसऱ्यात खरंच काहीतरी होतं, दातांत वाळू आल्यासारखं. मी सांगितलं. इंजिनिअरने लिहून घेतलं. आत्या ठकीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती, माझ्याकडे पाठ करून.

मालकीणबाई जिन्यापर्यंत सोडायला आल्या. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते लपवायची त्यांना सवय नव्हती. "कागदाचं अडतं हो. मला तर तुम्हीच..."

"बरोबर आहे तुमचं," आत्या म्हणाली. "मी असते तर मीपण मला नसतं घेतलं." आणि पर्स उघडून तिने घडी घातलेली जाहिरात त्यांच्या हातात ठेवली. "ही लावा परत. वारा पडलाय आता."

*

बसथांब्यावर आत्याने पानाबद्दल मला तीनदा सांगितलं. मग ठकीला सांगितलं. ते पान कसं असेल, जाड की पातळ, त्या वाजवणाऱ्याला वाटलं असेल का, की गेलं खपून, कुणाला कळणार आहे. आणि मग एवढ्या वर्षांनी आपण. ती बोलता बोलता थांबायची आणि मान हलवायची. ऊन कलतं झालं होतं. थांब्यावर आम्हीच होतो.

"ए," ती म्हणाली, "पहिल्यात झांज कशी होती?"

"चांगली होती."

"चांगली म्हणजे काय? भाजी आहे का ती? नीट सांग. मला तिचा ठोका ऐकू येतो, पुढचं नाही. पुढे काय होतं?"

मी डोळे मिटले. असं काही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"ठोका संपतो ना, त्याच्यानंतर वर काहीतरी राहतं. काचेच्या बरणीत मोहरी फिरवल्यासारखं, पण खूप लांबून. शेजारच्या घरात कुणी फिरवतंय असं. आणि मग ते उंच जातं."

"आणि संपतं कसं? तुटून की विरून?"

"विरून. म्हणजे, संपलं हे कळतच नाही. आपण ऐकत राहतो."

आत्याने ठकीचं डोकं हनुवटीखाली घेतलं. मघाशी पाठमोऱ्या खुर्चीत तिचा चेहरा असाच झाला असणार, असं मला वाटलं.

बस आली, समोर थांबली, दार उघडलं. आत्याने ड्रायव्हरला हातानेच पुढे जायला सांगितलं.

"सांग परत," ती म्हणाली. "ठोक्यापासून."